अक्कांच्या पट्टीतली अळंबी

अणदूर,
ता. ४ सप्टेंबर १९६२

ती. सौ. शांताक्कांस धाकट्या शिवलिंगप्पाचे शरणु शरणार्थी.

इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे? दाजींचा दमा (आणि स्वभाव, तोही पावसाळ्यातच उसळतो) आता शांत असेल अशी आशा आहे.

अप्पांनी तुम्हाला चोळी-बांगडीसाठी दिलेली ओढ्याकाठची पट्टी शेजारच्या माणिकप्पाला विकून टाक, असं तुम्ही लिहिलंत. विटा पाडायला तिथली माती काढायचा त्याचा बेत आहे. जमीन तुमची, मी नुसता राखणारा. माझी काही हरकत नाही. लगेच कागद करणार होतो, पण मध्ये अळंबी आडवी आली.

झालं असं, की ग्रामसेवकानं अळंबीचं बी बाटलीत घालून आणून दिलं. (लहानपणी जिला कुत्र्याची छत्री म्हणून आपण लाथ मारायचो, तिची ही खानदानी बहीण.) मी पडलो शाळामास्तर, वाचलं की सगळं येतं असं मला वाटतं. कडबा उकळत्या पाण्यातून काढला, गोठ्याचा कोपरा अडवला, बी पेरलं. दहा दिवसांत कडब्यावर पांढरी जाळी धरली, मी हरखून शाळेत गेलो आणि मागं तुमच्या भावजयीनं, रुद्रम्मानं, गोठा झाडला. बुरशी लागलेला कडबा बैलांजवळ राहू देईल ती संसारी बाई कसली? तिनं तो सगळा उचलून तुमच्या पट्टीतल्या लिंबाखाली टाकला. मी दोन दिवस भाकरीला शिवलो नाही. (धपाटे खाल्ले.)

मग आठवडाभर भुरभुर पाऊस झाला आणि एके सकाळी लिंबाखाली अळंबीच अळंबी! सगळी गल्ली लोटली. ग्रामसेवकानं तिथंच चूल मांडून कालवण करायला लावलं आणि कौतुकाच्या भरात बोलून गेला, "अगदी मटणासारखं लागतं बघा!" झालं. आपली अख्खी लिंगायत गल्ली दोन पावलं मागं सरली. इरम्मानं तर नाकाला पदर लावला. शेवटी रुद्रम्माच कडाडली, "मटणासारखं म्हणं! खाल्लंय का कुणी हितं? मग कळणार कसं?" (ज्यांनी खाल्लं असेल ते सांगतील कशाला?) पहिला पुढं झाला माणिकप्पा, जो खरं तर पट्टी मोजायला आला होता. तीनदा मागून खाल्लं आणि म्हणाला, "मास्तर, पुन्यांदा कदी लावायची?"

आता रोज चार घरची माणसं तिथं जमतात. कुणी कडबा आणतं, कुणी ओढ्याकडचा फुटका बांध घालतं. अप्पा गेल्यापासून त्या पट्टीत इतकी माणसं मी पाहिली नव्हती. मला फार बरं वाटतं, अक्का. तरी तुमचा शब्द तो शब्द. सोबतच्या कागदावर सही करून पाठवा.

तुमचा धाकटा,
शिवलिंगप्पा

ता. क. सोबत कागद ठेवायला विसरलो. मुद्दाम.

आणखी ता. क. माणिकप्पा आता पट्टी घेत नाही. "माती नेली तर अळंबी कशात लावू?" असं मलाच विचारतो. अक्का, विकू नका. एवढे दोनच शब्द लिहायचा धीर होईना, म्हणून हे सगळं पुराण लावलं. तुमच्या नावाचा एक वाफा घातला आहे, बारा दिवसांत तोडणीला येईल. अळंबी एक दिवससुद्धा थांबत नाही, तेव्हा दाजींची समजूत घालत बसू नका. पिशवी भरा आणि निघा.