बिननंबराचं सामान

३ मार्च, सोमवार

गेलं बाई सगळं! ट्रकमध्ये. सकाळी लवकर येतो म्हणालेले पॅकिंगवाले उन्हं डोक्यावर आल्यावर उगवले. आणि मग असे तुटून पडले, की माझ्या हातातला कप काढून घेऊन कागदात गुंडाळला. त्यात चहा होता!

सुपरवायझर गोड बोलतो. कपाट जिन्यातून उतरेल ना? "होऊन जाईल मॅडम." आरसा फुटणार नाही ना? "होऊन जाईल मॅडम." मी त्याचं नावच ठेवलं—होऊनजाईल. काम मात्र शिस्तीत. खोक्यांवर जाड पेनने नंबर, लाकडी सामानावर नंबरांची पिवळी स्टिकरं. अर्धा ट्रक आमचा आणि अर्धा दुसऱ्या कुणाचा. वाटेत त्यांच्या गोदामात सामान उतरणार, मग दुसऱ्या गाडीत चढणार. ही स्वस्ताई नवरोबाने शोधलेली. स्वतः आधीच नव्या नोकरीवर जाऊन बसलाय, तिकडून उंटावरून शेळ्या हाकतो.

मला धास्ती फक्त लाकडी सामानाची. बाकी गेलं तर गेलं. बाबांना—माझ्या सासऱ्यांना—काचबिंदूने गेली कितीतरी वर्षं दिसत नाही. पण या घरात त्यांना ना काठी लागते, ना माणूस. पलंगाच्या कडेवरून कपाट, कपाटावरून टेबल, टेबलाला वळसा की स्वयंपाकघराचं दार. हात फिरवत जातात आणि स्वतःचा चहा स्वतः करून घेतात. मागच्या वर्षी आई गेल्या, तेव्हाही ते थांबलं नाही. नव्या घरात सगळं असंच्या असं लावायचं, म्हणून काल मी सुतळीने मापं घेतली. पलंग ते कपाट एक सुतळी, कपाट ते टेबल दुसरी. दोन्ही टोकांना गाठ. सुतळ्या माझ्या पर्समध्ये आहेत. ट्रकवर माझा कसला विश्वास!

पॅकिंगवाले जेवायला बसले तेव्हा बाबा एकटेच आत फिरत होते. प्रत्येक वस्तूवरून हात. मी मुद्दाम गेले नाही. निरोप घेत असतील.

५ मार्च, बुधवार

पोचलो. घर म्हणजे भिंती आणि आवाज. खोकलं तरी दोनदा ऐकू येतं. तीन गाद्या, दोन पातेली, एक बादली.

बाबा दारात उभे राहिले. हात पुढे केला. काहीच लागलं नाही. तसाच हात खाली घेतला.

९ मार्च, रविवार

आज गाडी येणार होती. नाही आली. होऊनजाईल फोन उचलत नाही. नवरोबा म्हणतो, "रविवार आहे, त्यालाही घरदार असेल." त्याला आहे, म्हणून तर आम्हाला नाही!

११ मार्च, मंगळवार

कंपनीच्या ऑफिसात एक मुलगी फोन घेते. आवाज अगदी मधाळ. "मॅडम, गाडी रस्त्यात दिसतेय." कोणत्या रस्त्यात? "रस्त्यातच." ताकास तूर लागू देत नाही.

बाबा गादीवर बसून असतात, पाठ भिंतीला टेकून. बाथरूमला जायचं तर माझा हात धरतात. ते माझा हात धरतील असं मला कधी वाटलं नव्हतं. बाहेर गॅलरीत बसता का विचारलं. "नको. इथे ठीक आहे." चहा करून देऊ? "दे." आपण होऊन उठले नाहीत. घरातल्या घरात ज्यांना दार सापडत होतं, त्यांना आता कप शोधून हातात द्यावा लागतो.

१४ मार्च, शुक्रवार

गाडी आली. मी धावत खाली. खोकी, खोकी, खोकी! पुस्तकं, भांडी, रजया, मी टाकून द्यायचे ठरवलेले पडदेसुद्धा. लाकडी सामान एकही नाही. ड्रायव्हरने हात वर केले. "गोदामात नंबर असलेलं तेवढं चढवलं ताई. बाकीचं माझं नाही."

होऊनजाईलने शेवटी फोन उचलला. "मॅडम, फर्निचरवर नंबरच नव्हते असं गोदामवाले म्हणतात. मी स्वतः लावलेत, आईशप्पथ." मी जे बोलायला सुरुवात केली ते थांबेचना. चोर म्हणाले. तुमच्या घरात आता माझा पलंग असेल म्हणाले.  तो एवढंच म्हणाला, "शोधतो मॅडम." नेहमीचं ते वाक्य आज त्याला सुचलं नाही.

नवरोबा: "नवीन घेऊ ना! जुनं लाकूडच ते."

मी जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

१५ मार्च, शनिवार

कपडे धुवायला काढले. बाबांच्या कोटाच्या खिशात काहीतरी चिकट लागलं. पिवळा गोळा. उलगडला तर स्टिकरं! सगळी. एकावर एक, नीट दाबून केलेला लाडू.

मी तशीच त्यांच्यापुढे जाऊन बसले. हातात तो गोळा दिला. त्यांनी चाचपला आणि चेहरा खुलला. "हां, तेच ते! अगं, लाकडाला डिंक लावतात होय? पॉलिश उडतं. कपाटाच्या दारावर लावलेलं, टेबलाच्या मधोमध लावलेलं. सगळं काढलं मी. नखाने हळूहळू, एक ओरखडा आला नाही." जन्मभर पॉलिशचं दुकान चालवलेला माणूस! दुसरं काय करणार होता तो?

"छान केलंत," मी म्हणाले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. रागावू कुणावर? निरोप घेतायत म्हणून मी दारातून मागे फिरले होते! डोकावले असते तर.

त्यांना सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. नवरोबालाही नाही. तो हसत हसत बोलून टाकेल.

होऊनजाईलला मात्र फोन केला. चोर म्हणाले ते परत घेते म्हटलं. म्हटलं, स्टिकरं घरातच निघाली.  तर तो, "होऊन जाईल मॅडम." मला एवढं बरं वाटलं की पुन्हा रडू आलं.

१९ मार्च, बुधवार

गोदामात बिननंबराचं सामान एका शेडमध्ये टाकतात म्हणे. वर्षानुवर्षांचं. कुणी विचारायला आलं नाही की भंगारात. होऊनजाईलने फोटो पाठवले. कपाटामागे कपाट, टेबलावर टेबल, पलंगांच्या फळ्या उभ्या करून ठेवलेल्या. धूळ सगळ्यांवर एकसारखी. यातलं आमचं कोणतं? लग्न होऊन आल्यापासून ते कपाट रोज उघडलंय मी, आणि फोटोत मला ओळखता येईना. डोळे असून उपयोग काय!

बाबांना विचारलं, आपल्या कपाटाची काही खूण? बोटं हवेतच फिरवली, जणू समोर आहे. म्हणाले, "आतल्या वरच्या कप्प्यामागे खरखरीत लागतं. तिथे ब्रश पोचला नाही."

२० मार्च, गुरुवार

आज गोदामातल्या हमालाशी थेट फोन. होऊनजाईलने जमवून दिलं. फोन बाबांच्या कानाशी धरला.

"कुठे हात घालू काका?"

"टेबलाखाली. पायाजवळ. खिळा लागतो?"

"नाय लागत."

"मग ते नाही. दुसरं बघ."

असं किती वेळ! हमाल शिंकतोय, मागून कुणीतरी त्याच्यावर ओरडतंय, बाबा डोळे मिटून त्या शेडमध्ये हिंडतायत. मग एकदम, "लागला काका! डोकं दबलेलंय."

"वाकडा गेलेला?"

"वाकडाच."

"मग ते आमचं. मीच ठोकलाय."

कपाट सापडलं. पलंगही सापडला, उशाकडच्या फळीला आतून चीर आहे त्यावरून. हमालाने त्यांच्यावर खडूने आमचा नंबर मोठ्ठा लिहिला. खडूच लाव रे बाबा, म्हटलं, डिंक नको!

मला वाटलं बाबा खूश होतील. फोन बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "तू कशाला एवढी धावपळ करतेस? आहे ते ठीक आहे."

ठीक आहे! माणूस हरला की असंच म्हणतो. मला माझे वडील आठवले, शेवटी शेवटी तेही सगळ्याला ठीक आहे म्हणायचे.

२४ मार्च, सोमवार

गोदामातून इकडे यायला गाडी भरायला हवी. आमच्या तीन वस्तूंसाठी कोण गाडी पाठवणार? दुसरं कुणीतरी घर हलवेपर्यंत थांबा म्हणे. म्हणजे आता मी कुणाच्या तरी बदलीची वाट बघायची. भिजत घोंगडं.

नवरोबाशी कडाक्याचं भांडण. तो पलंग विकत घेऊनच आला होता, घडीचा, लोखंडी. बाबांनी त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "थंड आहे." गादीवरच झोपतात. मी नवरोबाला म्हणाले, तुझ्या वडिलांचे पाय निकामी होत चाललेत आणि तू पलंग कसला आणतोस! तो म्हणाला, "तूच बसवून ठेवलंयस त्यांना, सामान येईल सामान येईल करून." 

२८ मार्च, शुक्रवार

डॉक्टर येऊन गेल्या. "चालवा त्यांना. नाहीतर एकदा बसले की बसले." कशाच्या आधाराने चालवू? भिंतीच्या? एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जायला मध्ये अख्खी खोली आहे.

दोन घास कमी खातात. हसतात मात्र. परवा त्या घुमणाऱ्या खोलीत शीळ वाजवत होते, मी आत गेले तशी थांबली. मला भीती वाटते. आई गेल्या तेव्हा जे झालं नाही ते आता होतंय. डोकं तर नाही ना सरकत?

१ एप्रिल, मंगळवार

गाडी निघाली म्हणतात. आजची तारीख बघता विश्वास ठेवत नाही.

२ एप्रिल, बुधवार

आली! खडूचे नंबर पुसट झालेत, पण आहेत. टेबलाचा एक कोपरा गेलाय. जाऊ दे, कोपरा त्यांच्या वाटेवरचा नाही.

बाबांना शेजाऱ्यांकडे बसवलं आणि आम्ही दोघांनी खोली लावली. सुतळी ताणून. पलंग ते कपाट, गाठ ते गाठ. नवरोबा म्हणाला, "खिडकी झाकली जातेय." झाकू दे! शेवटी तोही गुडघ्यावर बसून सुतळीचं टोक धरून राहिला. किती दिवसांनी आम्ही दोघं एका कामात होतो. सगळं लावून झाल्यावर मी डोळे मिटून चालून पाहिलं. पलंग, कपाट, टेबल, वळसा. तेच घर!

बाबा दमून आले आणि लगेच झोपले. उद्या सकाळी.

३ एप्रिल, गुरुवार

बाबा चालले. पलंगावरून कपाट, कपाटावरून टेबल, वळसा, दार. माझा हात धरला नाही, एकदाही अडखळले नाहीत. मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.

तसेच परत आले. पलंगावर बसले, शेजारच्या उशीवर हात ठेवला. म्हणाले, "तिकडे ही गेल्यापासून रोज असाच हात फिरवायचो. सगळं सापडायचं, हीच सापडायची नाही. इथे काहीच नव्हतं, तर फार बरं होतं गं."