भाड्याच्या खोलीतला समुद्र

नाना, तुम्ही ते एवढं मोठं कापड एकही खिळा न ठोकता छताखाली कसं टांगलं होतं, हे मला परवा कळलं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि हा प्रश्न मला आत्ता पडला, कारण आत्ता ते काम माझ्या गळ्यात आलं. गरज पडल्याशिवाय तुला बाप आठवायचा नाही, असं आई म्हणायची, आणि ती तसं म्हणाली की मी दोन दिवस तिच्याशी धड बोलत नसे. बरोबरच म्हणायची. हे पत्र कुठल्या पाकिटात जायचं नाही, तेव्हा एवढं कबूल करायला हरकत नाही.

तुम्ही न पाहिलेल्या तुमच्या नातीला या रविवारी दहा वर्षं पूर्ण झाली. आम्ही नगरला सावेडीत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. करारपत्रात चौथ्या कलमात लिहिलंय, भाडेकरूनं भिंतीला खिळा ठोकू नये. ते वाचून मला हसू आलं होतं, कारण भिंगारला आपण भाड्यानं राहायचो तिथल्या मालकीणबाईंनी हे कलम काही न लिहिता, नुसतं दारात उभं राहून सांगितलं होतं. मुलीला वाढदिवसाला घरात आकाश हवं होतं. हल्ली सगळ्या वाढदिवसांना असा एक विषय ठरवतात, मग पताका त्याच्या, केक त्याचा, कपडेसुद्धा त्याचेच. मी मोबाईलवर चार व्हिडिओ बघितले. त्यातली बाई हसत हसत सांगते, भाड्याचं घर आहे ना, मग हे चिकटणारे हुक लावा, भिंतीला काही होत नाही. लावले. माझ्या तीन जुन्या ओढण्या जोडून त्यावर टांगल्या. पहाटे धपकन आवाज आला. हुक भिंत सोडून आले नव्हते, भिंतच घेऊन आले होते. डिस्टेंपरचे तळहाताएवढे चार पोपडे ओढण्यांसकट सोफ्यावर पडलेले. तिथं मी आता दोन कॅलेंडरं चिकटपट्टीनं लावलीत, शेजारी शेजारी, एकाच वर्षाची. घरमालक काका मीटर बघायला आले तेव्हा त्यांनी दोन्ही कॅलेंडरं नीट निरखली आणि मीटरचा आकडा लिहून घेऊन गेले.

त्या सोफ्यावर बसून मी विचार करत होते, की तुम्ही काय केलं होतं. आपल्या दोन खोल्या मला आठवतात. वर पत्रा, पत्र्याखाली काळे वासे, उन्हाळ्यात दुपारी डोक्यावर तवा ठेवल्यासारखं व्हायचं. तुम्ही लष्कराच्या वर्कशॉपात तंबू शिवायला होता. दिवसभर दुसऱ्यांचे तंबू दुरुस्त करून घरी येणारा माणूस संध्याकाळी पुन्हा कापडाशीच खेळत बसायचा, याचं गल्लीतल्या पुरुषांना फार हसू यायचं. तुम्हाला बायकांची कामं आवडतात म्हणायचे. तुम्ही ऐकून घ्यायचा आणि जुन्या साड्यांचे पडदे शिवत राहायचा. माझ्या एका वाढदिवसाला घरात जंगल होतं, उसाच्या वाढ्यांचं आणि केळीच्या पानांचं. एकदा खोक्यांची आगगाडी होती आणि डब्यात बसायला गल्लीतल्या पोरी भांडल्या होत्या. ही कल्पना तुम्हाला सुचायची कुठून? पारनेरकडच्या कोरड्या गावात वाढलेल्या माणसानं असले वाढदिवस कुठं पाहिले असतील? तुमचा स्वतःचा वाढदिवस तर तुम्हाला माहीतही नव्हता, शाळेत मास्तरांनी घातलेली तारीख तेवढी होती.

मग बाराव्या वर्षी समुद्र. भिंगारच्या बाजारात कंडम मालात तुम्हाला पॅराशूटचं कापड मिळालं होतं. ते तुम्ही बादलीत निळीत बुडवलं. नायलॉनला नीळ नीट धरेना, ढगासारखे डाग उठले, आई म्हणाली वाया गेलं. तुम्ही म्हणालात समुद्र असाच असतो. तुम्ही समुद्र पाहिला होता का, नाना? मला खरंच माहीत नाही, आणि आई होती तोवर तिला विचारायचं राहून गेलं. मासे तुम्ही जुन्या एक्स-रेच्या फिल्म कापून केले होते. निळसर, आरपार दिसणारे. एका माशाच्या पोटात कुणाच्या तरी बरगड्या राहून गेल्या होत्या आणि तो तुमचा सगळ्यात लाडका होता. आणि निमंत्रणं. आलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून तुम्ही अकरा मासे केलेत, प्रत्येकावर ठसठशीत अक्षरात लिहिलंत, आमच्या घरी समुद्र आला आहे, पाहायला यावे. खाली पत्ता.

त्या वर्षी मी नगरातल्या मोठ्या शाळेत होते. वर्गातल्या एकीचा वाढदिवस हॉटेलात झाला होता, तिथं वेटरनं आम्हाला ताई म्हटलं होतं. मी तुमचा एक मासा उलटा केला तर मागे अर्धा गणपती आणि कुणा नवरदेवाचं अर्धं नाव. माझ्या डोळ्यांपुढे त्या पोरी आल्या, आपली गल्ली, मोरीतून आत यायची वाट, डोक्यावरचा पत्रा. मी ते अकराही मासे शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे टाकून दिले. वर घरी येऊन सांगितलं, सगळ्या येणार आहेत. आणि गल्लीतल्या पोरींना यंदा बोलवायचं नाही हेही मीच बजावलं होतं, कारण शाळेतल्यांसमोर त्या नकोत.

पाच वाजता आईनं भेळेचे कागदी कोन लावून ठेवलेत. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलाय. साडेपाचला तुम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन येता. सहाला पुन्हा. मी खिडकीत उभी राहून वाट बघायचं नाटक करतेय आणि ते इतकं चांगलं करतेय की मला रडूसुद्धा येतं. साडेसहाला आईचा धीर सुटला. ती गल्लीतल्या पोरींना बोलवायला निघाली तेव्हा तुम्ही तिला दारात अडवलंत. राहू दे, म्हणालात, तिच्या पाव्हण्यांची जागा हाय ती. मग तुम्ही इस्त्रीच्या शर्टासकट फरशीवर उताणे पडलात, टेबलपंखा एकवर ठेवलात आणि मला शेजारी बोलावलंत. कापड वर हळूहळू हलत होतं, मासे फिरत होते. “समुद्र खालून बघायला मिळतो का कुनाला?” असं तुम्ही मला विचारलंत. मी बरगड्यांचा मासा फिरताना बघत राहिले.

पुढं दिवाळीला आपण पारनेरला आत्याकडे गेलो. सगळे फराळाला बसलेले. कुणीतरी विचारलं, पोरीचा वाढदिवस कसा झाला. तुम्ही चकली मोडत म्हणालात, “लई भारी. अकरा पोरी आल्त्या, बसायला जागा पुरंना.” तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हापासून मी याचा विचार करत आले आहे. तुम्ही स्वतःची लाज झाकत होता का माझी? तुम्हाला कळलं होतं का? पुढच्या वर्षी तुम्ही विचारलंत, यंदा नुसता शिरा करू ना, आणि मी सुटल्यासारखी हो म्हणाले. त्यानंतर आपल्या घरात कधी जंगल, गाडी, समुद्र काही आलं नाही. मी समजत होते तुम्हाला कंटाळा आला असेल, वय झालं असेल. तुम्ही तेव्हा बेचाळीस वर्षांचे होता. मी आज त्याहून मोठी आहे.

तर हुक पडले त्या सकाळी मी आत्याला फोन केला. तिला आता कमी ऐकू येतं, पण कापडाचं विचारलं तसं लगेच सांगितलं. भोक पाडायचं नाही, खिळा लागत नाही. कापडाच्या कोपऱ्यात एक खडा ठेवायचा, कापड त्याच्यावर गुंडाळायचं आणि गळ्याशी सुतळी आवळायची, सुतळी न्यायची वाशाला. कांद्याच्या ढिगावर ताडपत्री अशीच बांधतात, तुमचे वडील बांधायचे, तुम्ही लहानपणी खडे वेचून द्यायचात. इतकं साधं. तंबू शिवणारा माणूस तंबूची रीत सोडून शेतातली रीत घरात वापरत होता. मी खूश होऊन फोन ठेवणार, तर आत्या बोलतच राहिली. आपल्याच तंद्रीत होती. “त्यानंच सांगितलं हुतं मला तवा. येक बी पोरगी आली न्हाई. पोरीनं बोलावणी वाटलीच न्हाईत, लाजली आपल्या घराला. कुनाफुडं काढू नगंस म्हनला.” मी विचारलं, नानांना कसं कळलं? शाळेत गेले होते का? ते तिला माहीत नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं.

कसं कळलं, नाना? तुम्ही टाकीमागे गेला होतात का? ते मासे तुम्हाला तिथं चिखलात दिसले का? की त्या संध्याकाळी शेजारी पडून नुसतं माझ्याकडे बघूनच? मी दोन दिवस स्वयंपाक करताना, स्कूटरवर, कामावर हेच घोळवतेय. म्हणजे तुम्ही थकला नव्हता. तुम्हाला ते करायला आवडत होतं आणि मला लाज वाटते म्हणून तुम्ही ते सोडून दिलंत, आणि मला कळू नये म्हणून शिऱ्याचं निमित्त केलंत. मला फार वाईट वाटतंय. हे लिहिण्यापलीकडे त्याचं काय करायचं ते सुचत नाही.

आकाश मात्र छान झालं. खडे नव्हते म्हणून मुलीच्या डब्यातल्या गोट्या घातल्या, सुतळी खिडकीच्या गजांपासून समोर माळ्याच्या कडीपर्यंत ताणली. माळ्यातली दिव्यांची माळ वर सोडली. चांदण्या चहाच्या पुड्यांच्या चंदेरी कागदाच्या. रविवारी चौदा मुलं आली, नुसता धुडगूस, केक जमिनीवर, एकानं आकाशाला लोंबकळून पाहिलं आणि ते टिकलं. गोटी काही सुटली नाही. सगळी येईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या दारातून मोजत होते. चौथं मूल येईस्तोवर मी केकचा खोका उघडला नाही.

मुलं गेल्यावर मी आणि ती फरशीवर आडव्या झालो. तिला मी तुमच्याबद्दल सांगितलं. पॅराशूट, नीळ, बरगड्यांचा मासा. ती डोळे मोठे करून ऐकत होती. मग तिनं विचारलं, तुझ्याकडे किती जण आले होते? अकरा हा आकडा माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला. म्हटलं, कुणीच नाही. का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, त्या दिवशी एसटीचा संप होता. तिला ते लगेच पटलं. बिचारे आजोबा, म्हणाली.

संप नव्हता, नाना. तुम्हाला हे लिहायला मला जड गेलं नाही, कारण तुम्हाला सगळं आधीपासून माहीत होतं. तिला सांगायचा धीर मात्र मला झालेला नाही.