शेवटी ‘ल’ हवा

अरे,

बाळाला घेऊन हॉस्पिटलात निघालेय. सकाळपासून ती प्यायली नाही, अंग तापलंय, आणि मघाशी तर मान टाकून नुसती पडून राहिली. तुला पाच फोन केले. तू भट्टीवर असशील, फोन लॉकरमध्ये.

थोरली शेजारच्या शिंपीणकाकूंकडे आहे. घाबरली आहे. तिला जवळ घे, पण बाकी काही सांगू नकोस.

बाळाला हाक मारायला गेले, तर मारायला नावच नाही! थोरलीच्या नावासारखा शेवटी ‘ल’ हवा, पण नाव चारचौघींत नसलेलं हवं, म्हणून बारा दिवस आपण फ्रीजवरच्या त्या यादीवरून भांडतोय. मी ‘उत्पल’वर अडून, तू ‘मंजुल’वर. परवापासून तर बोलणंही बंद.

मघाशी जिवाच्या आकांताने ओरडले, तेव्हा तोंडातून ‘मंजुल’च आलं. तिने डोळे किलकिले केले, बारीकसं रडली.

टॅक्सी आली खाली. हॉस्पिटलात काउंटरवर नुसतं ‘बाळ’ म्हणून विचारू नकोस, सापडायची नाही. मंजुल म्हणून विचार. मी तेच लिहून देणार आहे.

कपडे बदलत बसू नकोस. तसाच ये.