बाबा मांगं राह्यले

सारनाथ

माझ्या मायले सत्यशीलाचा जयभीम.

मी अन् बाबा दोघंही सुखरूप पोचलो. विहाराजवळच्या धर्मशाळेत खोली भेटली. आता वाटेत झालं ते सांगते, पण घाबरू नको.

जबलपूरच्या पुढे एका लहानशा टेसनावर बाबा लोटा घेऊन पाणी आणायले उतरले. नळावर गर्दी होती. गाडी सुटली अन् बाबा मांगंच राह्यले. तिकिटंही त्यायच्याच बंडीच्या खिशात होते. मी रडाले लागली. शेजारची म्हातारी म्हणे, "बेटी, अगले टेसन पर उतर जा. बाप पीछे की गाड़ी से आएगा."

मी वळकटी अन् ट्रंक घेऊन उतरली. टेसनमास्तरानं मागच्या टेसनाले तार केली, बाबाले पुढच्या गाडीत बसवून द्या म्हणून. मी लिंबाखाली बसून राह्यली. बाबाले हिंदी येत नाही, हे तुले ठाऊकच आहे. मनात नाही नाही ते येत होतं.

दिवस बुडताना दुसरी गाडी आली. बाबा लोटा दोन्ही हातानं धरून उतरले. अर्धं पाणी सांडलं होतं. तोंड पार सुकलं होतं.

मी म्हणलं, "तुम्ही तरी प्यायचं ना!"

"तुले तहान लागली होती ना, पोरी."

मग आम्ही दोघंही रडलो अन् भाकर खाल्ली.

त्यायचे पाय थोडे सुजले आहेत. मी रोज शेकून देते. तुयी कंबर कशी आहे? आपला लहाना धर्मपाल शाळेत जाते का?

बाबा म्हणे, हे मायले लिहू नको. पण धर्मपालकडून लिहून घेऊन लवकर पाठव, 'परत येताना वाटेत गाडीतून उतरू नका.' माझं ते ऐकत नाहीत. तुझ्या शब्दाले भितात.

तुयी लेक,
सत्यशीला