सुनावणी दालनाबाहेर घेणेबाबत

प्रति,
मा. उपव्यवस्थापक (प्रशासन),
ग्राहक देयक केंद्र, खराडी, पुणे.

विषय : सुगंधी फवाऱ्याच्या तक्रारीची फेरसुनावणी वाहनतळावर घेणेबाबत.
संदर्भ : आपला आदेश, 'अर्जदार गैरहजर, सबब तक्रार निकाली.'

महोदय,

अर्जदार श्रीमती शालन जयसिंग झुरुंगे या आपल्याच केंद्रात लिपिक आहेत. संगणक आले तेव्हा गारवा टिकावा म्हणून खिडक्या कायमच्या बंद झाल्या. कोंदट वास येऊ लागला. खिडकी उघडण्याऐवजी, शेजारच्या आयटी कंपनीत आहे म्हणून, आपल्याकडेही लव्हेंडर फवारणारे यंत्र भिंतीवर बसले. ते फुसकारले की अर्जदारांना दम लागतो.

पहिल्या अर्जावर तत्परतेने कारवाई झाली, हे मान्य केलेच पाहिजे. लव्हेंडर कृत्रिम, म्हणून नैसर्गिक मोगरा आणला. शिवाय सकाळची उदबत्ती सुरू झाली. अर्जदार आगीतून फुफाट्यात पडल्या. फूल खरे असो की डब्यातले, छाती सारखीच आवळते, असे त्यांनी पुन्हा लिहून कळवले. त्यावर समिती आली, तिने दीर्घ श्वास घेतला आणि वास प्रसन्न असल्याचा अहवाल दिला. समितीत दमेकरी कोणी नव्हते.

मग सुनावणी लागली ती आपल्या दालनात, जिथे यंत्रे दोन आहेत. अर्जदार वेळेवर आल्या. दार उघडताच खोकल्याची उबळ आली. आपण म्हणालात, "अहो झुरुंगेबाई, वासानं कधी कोणी मेलंय का?" याचे उत्तर त्यांच्याकडे होते, ते देण्यापुरता श्वास नव्हता. शिपाई नागोराव यांनी त्यांना धरून जिन्यात बसवले आणि आत गैरहजेरीची नोंद झाली.

आता बिनपगारी रजेवर जाण्याचे तोंडी सुचवले जात आहे. पती अंथरुणावर आहेत, घर या एकाच पगारावर चालते. अर्जदार अगदी थकल्या आहेत. यंत्र काढा, हा आग्रहही त्यांनी तूर्त सोडला आहे.

विनंती इतकीच की, फेरसुनावणी खाली वाहनतळावर, उघड्या हवेत घ्यावी. खुर्च्या नागोराव आणतील. निकाल विरुद्ध गेला तरी चालेल. तो ऐकेपर्यंत अर्जदारांना समोर उभे राहता यावे.

आपली नम्र,
शालन जयसिंग झुरुंगे
(दालनाबाहेर हजर)
पुणे, दि. १२ ऑगस्ट २००४

सोबत :
१) दम्याचा वैद्यकीय दाखला.
२) शिपाई नागोराव यांचा सहीचा जबाब : "बाई आल्त्या. म्या बघितलंय."