बंदर कोणी वसवलं

१० सप्टेंबर
झालं! शेवटी मलाच धरलं. नवा धक्का बांधणारे म्हणतात, बंदर ज्यांनी वसवलं किनारा त्यांचा धरू, जागेसाठी त्यांनाच विचारू. आता रेर कोशिन, म्हणजे कोशिनचे वंशज, म्हणतात आम्ही वसवलं, रेर अदावे म्हणतात आम्ही! दोन्ही कुळांतल्या वडीलधाऱ्यांनी आपापली हकीकत सांगायची आणि मी लिहून घ्यायची. का? "मास्तर, अक्षर चांगलं तुझं. आणि तू आमच्यातला कोणाचाच नाहीस ना!"

कोणाचाच नाही. आम्ही कोळी. त्याच किनाऱ्यावर आमची चाळीस घरं आहेत, ती कोणाच्या खिजगणतीतही नाहीत.

११ सप्टेंबर
आई मुशी मासे वाळत घालत होती. सांगितलं तर हातातलं टाकून उभी राहिली. "लिही, पण तोंड उघडू नकोस. या कुळांच्या आपसातल्या लढाईत दोघांनीही आपल्या कोळ्यांच्या होड्या नेल्या, मी बोलले का? गप्प राहिलो म्हणून टिकलो."

१४ सप्टेंबर
हाजी वारफा, रेर कोशिनचे. तीन तास! आधी उंटिणीचं दूध पाजलं, मग स्वतःपासून मागे एकवीस बापांची नावं एका दमात. "आमचा कोशिन तहानेनं अर्धमेला होऊन या वाळूत पडला. कोणीतरी विहिरीचं पाणी पाजलं. उठला आणि काठी रोवली, हेच आमचं गाव! लिहिलंस?"

लिहिलं.

१६ सप्टेंबर
सुगुले आजोबा, रेर अदावेचे. डोळ्यांनी दिसत नाही, पण जिभेला हाड नाही. "वारफाचे पूर्वज आले तेव्हा आमच्या बकऱ्यासुद्धा म्हाताऱ्या झाल्या होत्या!" मला हसू आवरेना. त्यांचा अदावे आला तो उपाशी. किनाऱ्यावर कोणीतरी भाजलेला मासा दिला. "ओकला बिचारा! उंटवाल्याच्या पोटात मासा राहतो होय रे? पण दुसरा खाल्ला, जगला, आणि गाव वसलं."

मला हे दोन्ही म्हातारे आवडतात. खोटं कोणीच बोलत नाही.

१७ सप्टेंबर
दोन्ही हकीकती शेजारी ठेवून वाचल्या. पाणी कोणीतरी पाजलं. मासा कोणीतरी भाजला. म्हणजे हे यायच्या आधी इथे माणसं होती! विहीर होती, चूल होती. कोण होती ती? आम्हीच की!

१८ सप्टेंबर
आईला दाखवलं. "मला ठाऊक नाही होय? तुझ्या बापाच्या कुळाची नावं लहानपणी तुझ्याकडून पाठ करून घेतली ती उगाच?" आणि लगेच, "पण तिथे बोललास तर माझ्याशी बोलू नकोस."

२४ सप्टेंबर
तडजोड झाली! म्हणे दोघांनी मिळून वसवलं. मिठ्या मारल्या, बकरा कापला. मीही खूश होतो, खरंच. मग शेवटचं कलम सांगितलं — किनारा दोन्ही कुळांत निम्मा-निम्मा, कोळ्यांची घरं कोरड्या नदीपलीकडे हलवावीत. माझ्याच हातानं लिहिलं! हाजी वारफा म्हणाले, "वा, मोत्यासारखं अक्षर!"

शुक्रवारी नमाजानंतर गावापुढे मीच वाचायचं. मग अंगठे उमटले की संपलं.

२५ सप्टेंबर
जेवण गेलं नाही. बायको म्हणते, शुक्रवारी आजारी पड. तसाच विचार करतोय.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
वाचलं. दोन्ही हकीकती, एक शब्दही न बदलता. त्या कलमापाशी आलो आणि थांबलो. म्हटलं, "पाणी देणारे, मासा देणारे माझे पूर्वज होते." एक जण ओरडला, "मग नावं सांग!" सांगू लागलो. दहा झाली, पंधरा झाली, आणि सोळाव्याला अडलो. काही केल्या आठवेना. लोक हसायला लागले.

तेवढ्यात मागून, बायकांच्या घोळक्यातून, खणखणीत आवाजात सोळावं नाव आलं. मग सतरावं. आई!