गोडं, तिखट आणि हॉलंडचं कस्टर्ड

हॉलंड, ऑगस्ट १९७४

तीर्थरूप नाथामामांच्या चरणी आकारामचा इथूनच वाकून नमस्कार. (आपलं गाव इथून नेमकं कुठल्या अंगाला हे ठाऊक नसल्यामुळे चारी दिशांना वाकलो. ज्यांच्या घरी राहतो त्या योहानाबाईंना वाटलं, माझं काही जमिनीवर पडलंय. त्याही शोधू लागल्या.) मामींचे गुडघे कसे आहेत? आडसाली उसाची लागण आटोपली असेल. मी इथे ठणठणीत आहे. जरा जास्तच ठणठणीत आहे, आणि त्याचीच लाज वाटते.

तुमचं पत्र मिळालं. आईला चक्कर येते, इस्लामपूरच्या डॉक्टरांनी रोज दूध घ्यायला सांगितलंय, आणि ती पेल्याला हात लावत नाही. "माझं लेकरू तितं मुलखाबाहेर नेम पाळतंय, आन् मी हितं दूध ढोसू व्हय?" हे तिचं बोलणं तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत. ते वाचून तोंडातला घास तोंडातच राहिला. (घास कसला होता ते पुढे येईल.) तेव्हा मामा, हे पत्र नेहमीसारखं ओसरीवर बसून तिला मोठ्यांदा वाचू नका. आधी गोठ्यात जाऊन एकट्याने वाचा.

माझ्या सत्काराचा दिवस आठवा. दोन देशांच्या तरुण शेतकरी अदलाबदलीच्या योजनेत अख्ख्या वाळवा तालुक्यातून माझी निवड झाली, गळ्यात हार पडले आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. परदेशात वशाट-मटण खाणार नाही, एवढं बोलून मी खाली बसणार होतो. तेवढ्यात मागून माझा शाळासोबती गुंडा ओरडला, "आन् अंडं रं?" मी म्हटलं, अंडंही नाही. "तिकडं दुधातबी कायबाय घालत्यात गड्या!" मग दूध, दही, तूप, लोणी सगळंच सोडलं. टाळ्या पडत होत्या, मामा. अजून दोन टाळ्या पडल्या असत्या तर मी पाणीही सोडलं असतं. पण बायकांच्या घोळक्यातून आई उठली आणि म्हणाली, "तू येस्तवर मीबी सोडलं." तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिला त्याची गरजही नव्हती.

आता इथलं. सरकारने हातखर्चाला दिलेले डॉलर विमानतळावर दोनदा खिसा चाचपण्यापुरते होते. आईने दिलेलं भाजणीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी लवकरच संपली. पुढे योहानाबाई देतील ते खायचं. त्यांना इंग्रजी माझ्याएवढंच येतं, म्हणजे दोघे मिळून एका माणसाचंही होत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, काय खाता? आपल्याकडे जेवायचं बोलावणं आलं की "गोडं का तिखट?" एवढं विचारलं तरी शेंबड्या पोरालाही कळतं, तिखट म्हणजे मटण आणि गोडं म्हणजे बिनमटणाचं. मी छाती पुढे काढून सांगितलं, "ओन्ली स्वीट. नो हॉट."

त्या बाईने ते शब्द देवाच्या आज्ञेसारखे पाळले. सकाळी गोड, दुपारी गोड, संध्याकाळी गोड, आणि सगळं गारढोण. घरची माणसं वाफाळतं सूप भुरकत असताना माझ्यापुढे थंड केक. (केक म्हणजे पावाचाच श्रीमंत भाऊ, अशी माझी समजूत होती.) आणि रोज एक वाडगाभर पिवळं, दाट, मऊ असं काहीतरी. मी धरून चाललो की ते पातळ केलेलं पुरण आहे. हॉलंडात हरभऱ्याचं शेत एकही पाहिलं नव्हतं, तरी तालुक्याच्या प्रतिनिधीच्या डोक्यात काही उजेड पडला नाही. वाडगा चाटूनपुसून साफ करत होतो.

एकदा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर बाई पातेल्यात दूध ओतत होत्या आणि त्यात एकामागून एक अंडी फोडत होत्या. मला पाहून प्रेमाने म्हणाल्या, "स्वीट! नो हॉट!"

इथपर्यंत चूक भाषेची होती, मामा. इथे पत्र थांबवता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण त्या संध्याकाळी वाडगा पुढे आला आणि मी तो खाल्ला. बाईंना वाईट वाटेल म्हणून खाल्ला, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी काही सांगायची गरजही पडली नाही. पुढे अदलाबदलीत आलेल्या आम्हा पोरांना देश पाहायला सोडलं, तेव्हा सगळ्यात स्वस्त म्हणून रस्त्यावरचे तळलेले बटाटे खाल्ले. ते चरबीत तळतात हे पुडा संपल्यावर कळलं. कुठल्या जनावराच्या, ते विचारायची छाती झाली नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा तोंडात होता तो घास त्याच पिवळ्या वाडग्यातला, कस्टर्डचा होता. आई तिकडे भिंत धरून चालते आणि माझी विजार कमरेला बसत नाही. मला माझीच किळस आली.

मामींना नमस्कार. थोबाड लपवून बसलेला तुमचा भाचा,
आकाराम

ता. क. आईला सांगा, परदेशातलं व्रत श्रावण संपला की आपोआप सुटतं, असं शास्त्रात आहे. तुम्ही सांगितलंत तर तिला पटेल.

ता. क. दोन. नाही पटणार. ती गुरवाला विचारायला जाईल, आणि वाटेत तिला चक्कर येईल. त्यापेक्षा हे पत्रच वाचून दाखवा, सगळं. ती शिव्या घालेल, घालू द्या. घालून घालून घसा कोरडा पडला की हातात कोमट दुधाचा पेला द्या.

ता. क. तीन. तिने पेला तोंडाला लावला की मला कळवा. तोवर मी इथे कोरड्या पावावर आहे, या वेळी खरोखर. शक्यतो तारच करा. परवा बाईंचा वाढदिवस आहे आणि पातेलं मोठं काढलंय.